ज्येष्ठातलं ऊन आणि रेणुकेचे बाण: पौराणिक कथेवरून ॲक्शन गेमची पहिली लेव्हल

बेळगावच्या शहापुरात माझं फ्लेक्स डिझाइनचं छोटं दुकान आहे. दिवसभर वाढदिवस, वास्तुशांत, गणेश मंडळं. रात्री नऊनंतर शटर अर्धं ओढायचं आणि त्याच कॉम्प्युटरवर गेम बनवायला बसायचं, असं दोन वर्षं चाललंय. त्यातून चार मिनिटांची एक लेव्हल तयार झाली. गल्लीतली पोरं ती खेळून गेली की विचारतात, "मामा, हे कसं केलासा?" दरवेळी तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदाच लिहून काढतो.

सामान फार लागत नाही. ८ जीबी रॅमचा साधा कॉम्प्युटर, चित्रासाठी क्रिटा, गेमसाठी गोडो. दोन्ही फुकट आणि दोन्ही मुक्त. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, तरी भागलं.

पहिली पायरी: कथेतली क्रियापदं मोजा

आपल्याकडे बेळगावपासून यल्लम्माचं सौंदत्ती दोन तासांच्या आत-बाहेर. त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. यल्लम्मा म्हणजे रेणुका, जमदग्नींची पत्नी, परशुरामाची आई. मी सरळ परशुरामाच्या वैऱ्याला, सहस्रार्जुनाला, शेवटचा खलनायक केलं. हजार हात, प्रत्येक हात तोडायचा, बघायला भन्नाट! तीन आठवडे नुसते हात काढत होतो.

मग एक ओळखीचे गृहस्थ समाजाच्या जयंतीचा फ्लेक्स करायला आले. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाचे. हा समाज बेळगावात आहे, हुबळी-गदगला तर मोठा आहे. त्यांनी मॉनिटरकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "हे आमचे देव की हो." चिडले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाटलं. ती फाइल त्याच रात्री बंद केली. पुराणातला खलनायक निवडताना तो शेजारच्या गल्लीत कुणाचा देव आहे का, हे आधी बघा.

मग महाभारताच्या अनुशासनपर्वात रेणुकेचीच वेगळी गोष्ट सापडली. जमदग्नी सहज खेळ म्हणून बाण सोडतात आणि रेणुका ते वेचून आणून देते. ज्येष्ठ महिना, टळटळीत दुपार. डोकं तापलं, पाय पोळले, म्हणून ती क्षणभर झाडाखाली थांबते. उशीर का झाला ते कळल्यावर ऋषी सूर्यावरच धनुष्य रोखतात. सूर्य ब्राह्मणाच्या वेषात येऊन म्हणतो, मी सतत फिरतो, मला वेधणार कसा? जमदग्नी म्हणतात, मध्यान्ही तू अर्धा निमिष थांबतोस, तेव्हाच वेधीन. मग सूर्य शरण येतो आणि रेणुकेसाठी दोन वस्तू देतो: छत्री आणि चामड्याची पायताणं.

ही गोष्ट गेमसाठी का चांगली? वही घ्या आणि कथेतली क्रियापदं लिहा. धावणं, वेचणं, सावलीत थांबणं, पोळणं, नेम धरणं. सगळी बटणावर आणता येतात. आता विशेषणं लिहा: तेजस्वी, पतिव्रता, कोपिष्ट. यातलं एकही बटणावर येत नाही. पाच क्रियापदं निघाली नाहीत, तर ती कथा चित्रांच्या पुस्तकाला द्या, गेमला नको. वर इथे वेळेचं बंधनही फुकट मिळतं, कारण दुपार होणारच आहे. आणि बक्षीसही कथेतच आहे.

दुसरी पायरी: खेळाडूच्या हातात कोण द्यायचं

२००६च्या 'ओकामी'त आपण थेट लांडग्याच्या रूपातली अमातेरासू ही सूर्यदेवता असतो. २०११चा 'एल शदाई' हनोखाच्या ग्रंथावरून, म्हणजे एका प्राचीन यहुदी ग्रंथावरून घेतलेला. तिथे आपण हनोख, म्हणजे माणूस. (तो बनवणारी इग्निशन कंपनी तेव्हा मुंबईच्या यूटीव्हीच्या मालकीची होती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.) पुण्यात बनलेल्या २०२०च्या 'राजी'त आपण एक साधी मुलगी, शस्त्र दुर्गेचं.

मी तिसऱ्याच्या बाजूचा. देव खेळाडूच्या अंगठ्याखाली आला की तो खड्ड्यात पडणार, भिंतीला धडकणार, चाळीस वेळा मरणार. पोरं हसणार. ते हसू मला रेणुकेच्या वाट्याला नको होतं. म्हणून माझी नायिका आश्रमातली दहा-बारा वर्षांची मुलगी आहे. रेणुका झाडाखाली थांबलीय, तिच्या वाटचे उरलेले बाण ही पोर आणायला निघालीय. रेणुका फक्त पाठमोरी दिसते, जमदग्नींचं नुसतं धनुष्य दिसतं, आणि सूर्याला चेहरा नाहीच.

जोगतिणींविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. 'दिसायला छान' म्हणून त्यांना पार्श्वभूमीला नाचवू नका. देवाला पोरी सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकात १९८२च्या कायद्याने बंदी आली. त्या बायकांच्या आयुष्याची सजावट करू नये. करायचंच असेल तर त्यांच्यावर वेगळा, नीट अभ्यास केलेला गेम करा.

तिसरी पायरी: डोंगरावर दुपारी जा

इंटरनेटवरचे फोटो घेऊन बसू नका. सौंदत्तीला जा, पण पौर्णिमेच्या जत्रेत नको. पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात, आडदिवशी, बाराच्या सुमारास. गाभाऱ्याचे फोटो काढायचे नाहीत. पायऱ्या, कट्टे, कडुनिंब, उतारावरचा तांबूस खडक, खाली नवीलतीर्थाच्या धरणाचं रेणुकासागराचं पाणी, एवढं पुरे.

मी एका कट्ट्यावर बसून तासभर फक्त सावल्या बघितल्या. आपला भाग साधारण १५.८ अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ज्येष्ठात तो किंचित उत्तरेला सरकलेला असतो, म्हणजे दुपारची सावली असते, पण वीतभर, आणि तीही दक्षिणेला. सकाळी ज्या कडुनिंबाखाली दहा माणसं बसतील, त्याच्या सावलीचा लांबट पट्टा दुपारपर्यंत आक्रसून बुंध्याभोवती गोळा होतो.

माझी अख्खी लेव्हल त्या कट्ट्यावर ठरली. सावली म्हणजे सुरक्षित जागा, आणि ती खेळ सुरू झाल्यापासून आटत जाते. घड्याळ दाखवायची गरजच उरली नाही.

चौथी पायरी: पाच रंग, सहावा नाही

फ्लेक्सच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणतं, अजून भडक करा. पिवळ्यावर लाल, त्याला पांढरी बॉर्डर, त्याला काळी सावली. शेवटी काहीच दिसत नाही. बरेच पौराणिक गेम असेच दिसतात: सगळं सोन्याचं, सगळं चमकतंय.

मी घेतलेले रंग असे. उन्हासाठी फिकट, किंचित पिवळसर पांढरा. शुद्ध पांढरा नाही, कारण त्यापुढे उजळायला जागाच राहत नाही. खडकासाठी तांबूस. सावलीसाठी काळा नव्हे तर गर्द जांभळट निळा. डोंगरावर नीट बघितलंत तर सावलीत आभाळाचा रंग असतोच. वेचायच्या बाणांना भंडाऱ्याचा पिवळा. आणि कुंकवाचा लाल फक्त जे इजा करतं त्याला. नायिकेच्या कपड्यात लाल नाही, झेंड्यात नाही, फुलात नाही. लाल दिसलं की बाजूला व्हायचं, हे खेळणाऱ्याला दोन मिनिटांत न सांगता कळतं.

चित्र झालं की क्रिटामध्ये वरती एक करड्या रंगाचा थर टाका आणि त्याचा ब्लेंडिंग मोड 'कलर' ठेवा. सगळं काळं-पांढरं दिसेल. त्यातही नायिका, शत्रू आणि जमीन वेगवेगळी ओळखू आली पाहिजेत. माझी आली नाहीत. बाण आणि ऊन एकाच उजेडाचे निघाले, म्हणून प्रत्येक बाणाखाली सावलीच्या निळ्याचा पातळ पट्टा दिला.

एक गोंधळ मात्र मला आधी सुचला नव्हता. एरवी गेममध्ये अंधार म्हणजे धोका आणि उजेड म्हणजे वाट. इथे उलटं. पहिला पोरगा खेळायला बसला तो सरळ उन्हात जाऊन उभा राहिला. यावर पाटी लावून उपयोग नसतो, पाटी कुणी वाचत नाही. मी पहिल्याच पडद्यावर सावलीत जीभ काढून बसलेलं एक कुत्रं ठेवलं, आणि नायिका उन्हात थांबली की पाय आळीपाळीने उचलते, असं केलं. पुरलं.

पाचवी पायरी: गोडोमध्ये उभारणी

नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) 'कंपॅटिबिलिटी' निवडा. जुन्या मशीनवर आणि स्वस्त फोनवर तोच चालतो. खिडकी १२८० बाय ७२०, स्ट्रेच मोड 'कॅनव्हास आयटम्स'. नोड म्हणजे गेम ज्यांनी जोडायचा ते सुटे भाग. त्यांची नावं सॉफ्टवेअरमध्ये रोमन लिपीतच दिसतील, मी उच्चार लिहितोय.

नायिकेसाठी 'कॅरॅक्टरबॉडी टूडी' हा मूळ नोड. त्याखाली चित्र, कॅप्सूल आकाराचा कोलिजन शेप (धडक ओळखणारा आकार), ॲनिमेशन प्लेयर, आणि मारण्यासाठी वेगळा 'एरिया टूडी' (आपल्या हद्दीत कोण शिरलं ते ओळखणारा नोड). मागच्या डोंगरांना 'पॅरॅलॅक्स टूडी', तो ४.३ आवृत्तीपासून आहे. लांबच्या रांगेला वेग ०.२, जवळच्या झाडांना ०.६. दोन थर पुरतात, सहा करत बसू नका.

उडीत दोन सवलती द्या. कड्यावरून पाय सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी मान्य करायची, आणि जमिनीला टेकण्याच्या ०.१ सेकंद आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताच उडी मारायची. नाहीतर खेळणारा म्हणतो, "मी दाबलो होतो की!" आणि तो खरंच दाबलेला असतो.

आता सावली. गोडोत दिवे आणि सावल्या पाडणारे नोड आहेत, पण खेळाचा निकाल त्यांच्यावर सोडू नका. ते दाखवायचे आहेत, मोजायचे नाहीत. शिवाय जुन्या मशीनवर जड होतात. मी प्रत्येक सावली म्हणजे एक 'पॉलिगॉन टूडी' केला, आणि त्याच बिंदूंची यादी 'एरिया टूडी'खालच्या कोलिजन पॉलिगॉनला दिली. डोळ्याला दिसतं तेच नियमाला लागू. सावली आटवताना बिंदू सरकवायचे; कोलिजनचा नोड स्केलने चेपायचा नाही, त्याने गडबडी होतात.

यात मी एक रविवार घालवला तो तुम्ही घालवू नका. सावलीत शिरली की 'सावलीत आहे' खरं, बाहेर पडली की खोटं, असं लिहिलं होतं. दोन झाडांच्या सावल्या एकमेकींवर चढलेल्या ठिकाणी पोर मधोमध सावलीत उभी, तरी पोळत होती! कारण ती पहिल्या सावलीतून बाहेर पडताच खोटं झालं. दुसऱ्या सावलीत ती आधीच शिरलेली होती, म्हणून पुन्हा खरं करणारं कुणी नव्हतं. उपाय सोपा आहे. खरं-खोटं ठेवू नका, आकडा ठेवा. शिरताना एक मिळवा, बाहेर पडताना एक वजा करा. आकडा शून्य असेल तरच ऊन.

सहावी पायरी: घाव लागला असं वाटलं पाहिजे

शत्रूंना मी 'झळ' म्हणतो. खडकावरून हवा थरथरते ना, तिलाच आकार दिलाय: लांब, वाकडा, टोकाशी लाल. नायिकेच्या हातात कडुनिंबाचा ओला डहाळा. तलवार दिली असती तर लगेच शोभली असती, पण आश्रमातल्या पोरीकडे तलवार कुठली?

प्रत्येक घावाचे तीन भाग असतात: हात मागे नेणं, प्रत्यक्ष मार, आणि सावरणं. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर माझ्या डहाळ्याचे ५, ३ आणि १० आहेत. मारणारा एरिया फक्त मधल्या ३ फ्रेमना चालू. हे ॲनिमेशन प्लेयरमध्येच लावता येतं. झळीचं उलट करा. ती मारण्याआधी निदान २८ फ्रेम फुगते, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. माणसाला बघून बोट हलवायला पाव सेकंद लागतो. उरलेल्या पाव सेकंदात त्याला विचार करू द्या. शत्रूची चाल जलद केली की गेम कठीण होत नाही, नुसता अन्यायी होतो.

घाव बसला त्या क्षणी अख्खा खेळ किंचित थिजवायचा. ०.०६ सेकंद बास. नुसत्या बघण्याने कळत नाही, पण काढून टाकलं की मार कापसावर पडल्यासारखा वाटतो. गोडोत यासाठी इंजिनचा टाइम स्केल, म्हणजे खेळातल्या वेळेचा वेग, ०.०५ करायचा आणि टायमर संपला की परत १. मी केलं आणि प्रत्येक फटक्याला गेम सेकंदभर अडकायला लागला. कॉम्प्युटर म्हातारा झाला असं समजून मी रॅम वाढवायला निघालो होतो. खरं कारण म्हणजे टायमरही त्याच मंद वेळेत धावत होता: ०.०६ भागिले ०.०५, बरोबर १.२ सेकंद. टायमर बनवताना चौथा पर्याय 'टाइम स्केल दुर्लक्ष' खरा करा. पैसे वाचले.

जीव दाखवणारी पट्टी मी ठेवली नाही. 'एल शदाई'त पहिल्या फेरीला पडद्यावर आकडे-पट्ट्या नसतातच. हनोखाचं चिलखत तुटत जातं त्यावरून समजायचं. माझ्या पोरीच्या डोक्यावर ओलं फडकं आहे. ओलं असताना गर्द निळं. उन्हात आणि झळीच्या माराने वाळत वाळत चार टप्प्यांत फिकट होतं. पूर्ण वाळलं की संपलं. वाटेत रांजण ठेवलेत, खानापूरच्या कुंभारांकडे बघितलेले. त्यात फडकं बुडवायला दीड सेकंद लागतो आणि तेवढ्यात झळ येऊ शकते.

सातवी पायरी: अर्धा निमिष

शेवटी पाचवा बाण घेऊन पोर माथ्यावर येते. सावल्या संपलेल्या. पडदा जवळजवळ पांढरा, वरती उजेडाचा गोळा डावीकडून उजवीकडे सरकतोय. तो थांबेल त्या क्षणी बाण धनुष्याजवळ पोचवायचा, असं तीनदा.

अर्धा निमिष म्हणून मी आधी १२ फ्रेम ठेवल्या, म्हणजे ०.२ सेकंद. पुराणाशी प्रामाणिक, पण एकालाही जमेना. २० केल्या. तरीही पोरं डोळे फाडून गोळ्याकडे बघत बसायची आणि खालून झळ खायची. मग इशारा कानावर नेला. सबंध लेव्हलभर रातकिड्यांची किरकिर चालू असते, आणि सूर्य थांबण्याच्या अर्धा सेकंद आधी ती तुटते. एकदम शांत. आता सात वर्षांची पोरगीही जिंकते, आणि जिंकताना श्वास रोखते.

सूर्य मरत नाही, फुटत नाही. उजेड उतरतो, आणि पोरीच्या पायाशी पायताणांचा जोड आणि एक छत्री येते. छत्री मी पावसाळी इरल्याच्या आकाराची काढली. पायताणं आपल्याच अथणी-निपाणीकडची; कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हाही आहे, हे पोरांना सांगितलं की त्यांना खोटं वाटतं. या वस्तू पहिल्या लेव्हलमध्ये वापरायला देऊ नका. छत्रीने अडवायचं आणि पायताणांनी तापल्या खडकावर धावायचं, ते दुसऱ्या लेव्हलसाठी.

उरलेलं, पटापट

आवाज: चौडकं वाजवणाऱ्याला विचारून, त्याचे पैसे देऊन, फोनवर रेकॉर्ड करा. लांब संगीत ऑग स्वरूपात, छोटे आवाज वेव्हमध्ये.

भाषा: गोडो ४मध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात, जुन्या ३मध्ये 'क्ष' आणि 'त्र' फुटायचे. 'मुक्त' हा फॉन्ट मोफत आहे. वाक्यं कोडमध्ये लिहू नका, सुरुवातीपासून सीएसव्ही फाइलमध्ये ठेवा: एक रकाना मराठी, एक कन्नड. आपल्याकडे एकाच बाकावर दोन्ही असतात, आणि नंतर घालायला बसलात तर बटणं पुरत नाहीत. कन्नड ओळ बऱ्याचदा लांब होते. माझी कन्नड वाक्यं शेजारच्या झेरॉक्सवाल्या अक्कांनी तपासली आणि सतरा ओळींत नऊ चुका काढल्या.

बाहेर काढताना वेबसाठी एक्स्पोर्ट करा, थ्रेड सपोर्ट बंद ठेवा, झिप करून इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर चढवा. अँड्रॉइडसाठी जेडीके १७ (जावाचं सॉफ्टवेअर) आणि एक्स्पोर्ट टेम्प्लेट लागतात. एक संध्याकाळ जाते.

आणि ती फाइल कुणाला पाठवण्याआधी फोन घेऊन दुपारी बारा वाजता गच्चीवर जा. मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळे रंग पास केले होते. गच्चीवर खडकाचा तांबूस आणि उन्हाचा पिवळसर एकच झाले आणि पोरगी हवेत चालतेय असं दिसायला लागलं. खडक दोन पायऱ्या गडद केला, पुन्हा वर गेलो. तिसऱ्या खेपेला बायको जिन्यातून म्हणाली, "छत्री तरी घेऊन जा."